सल्ला दिलात ना? मग आता वही मिटा

आज सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांचा मेसेज. माझ्या धाकट्या भावाला उद्देशून, पण ग्रुपवर. म्हणजे आत्या, काकू, चुलत-मावस सगळी, शिवाय ज्यांचे चेहरेही मला धड आठवत नाहीत असे सोयरे, सगळ्यांच्या साक्षीनं. "तुला त्या वैद्याचा पत्ता दिला, गेला नाहीस. पहाटेच्या प्राणायामाच्या वर्गाचं सांगितलं, गेला नाहीस. गुरुवार धर म्हटलं, धरला नाहीस. आम्ही आमचं कर्तव्य केलं. उद्या परत घसरलास तर आमच्या दारात येऊ नये." खाली दोघा-तिघांचे अंगठे. भावानं हात जोडलेली इमोजी टाकली आणि डबा घेऊन कामावर गेला.

गंमत बघा. याच मामांनी काल रात्री याच ग्रुपवर गटारीचे विनोद टाकले होते. बाटली, कोंबडी, गटारात पडलेला नवरा, सगळं यथासांग. आषाढ सरत आला की यांना दारू म्हणजे विनोद, आणि सकाळ झाली की तीच दारू म्हणजे माझ्या भावाचं चारित्र्य.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. तिथं लिहिलं असतं तर माझ्या आईला दिवसभर फोन गेले असते. म्हणून इथं लिहितेय. तुम्ही माझी माणसं आहात, तुम्हाला अथपासून सांगावं लागत नाही.

माझा भाऊ अल्कोहोलिक आहे. तो स्वतःच तसं म्हणतो, म्हणून मीही म्हणते. सध्या पीत नाही. किती दिवस झाले ते त्याला विचारा, तो मोजतो. मी मोजायचं सोडलंय.

त्याला एए मधले, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटातले, एक काका लाभलेत. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. त्यांच्या भाषेत ते त्याचे स्पॉन्सर. पैसे देणारे नव्हेत बरं का, तिथं कुणी कुणाला पैसे देत नाही आणि मेंबर व्हायला फीही नाही. स्पॉन्सर म्हणजे आधी दारू सोडलेला माणूस, जो नंतर आलेल्याला हाताशी धरतो. भाऊ कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. संध्याकाळी सुटला की शहरात शिरताना वाटेत त्याचं जुनं परमिट रूम लागतं. काकांनी पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं, "रस्ता बदल. लांबनं जा, दहा मिनिटं जास्त लागू देत, पण त्या दारावरनं जाऊ नको." बास. एकच गोष्ट, एकदाच.

भावानं रस्ता बदलला नाही. त्याच रस्त्यानं जात राहिला, आणि एक दिवस गाडी त्या दारापाशी थांबली. चार दिवस घरात कुणाला तोंड दाखवलं नाही त्यानं.

पाचव्या दिवशी काका आले. आमच्या घरात तोवर काय चाललं होतं याची कल्पना तुम्हाला असेलच. आई देवापुढं, त्याची बायको माहेरी फोनवर, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण "तरी मी सांगत होतो". काका चप्पल काढून आत आले, चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर मारत. म्हशीला काय झालंय म्हणून शेजारच्यांची चौकशी केली. उठताना भावाला म्हणाले, "आज साडेसातला मिटिंग आहे. मी जाणार आहे." एवढंच. रस्त्याचा र सुद्धा काढला नाही. मी दाराआड उभी होते, मला वाटलं आता काढतील, आता काढतील. नाही काढला. गेले.

साडेसातला भाऊ मिटिंगला होता.

मी नंतर काकांना विचारलं होतं, तुम्हाला राग नाही आला? तुम्ही सांगितलेलं एक ऐकलं नाही त्यानं. तर ते हसले आणि मला अमेरिकेतल्या बिलची गोष्ट सांगितली, जणू काय बिल त्यांच्याच डेपोत कामाला होता. हा बिल विल्सन न्यूयॉर्कचा शेअर दलाल. डिसेंबर 1934 मध्ये त्यानं दारू सोडली आणि मग पुढचे पाच-सहा महिने दिसेल त्या दारुड्याला धरून सांगत सुटला. सांगून सांगून किती जण सुधारले? एकही नाही. कंटाळून बायकोला म्हणाला, काही उपयोग होत नाही. बायको म्हणाली, का, तुझी स्वतःची सुटली ना. मग मे 1935 मध्ये तो कामासाठी अ‍ॅक्रन गावात गेला, काम फसलं, खिशात पैसे नाहीत, हॉटेलात समोरच बार. त्यानं फोन फिरवून फिरवून गावातला दुसरा दारुडा शोधला. का, तर त्याला सुधारायला नव्हे, आपली संध्याकाळ टळावी म्हणून. तो दुसरा म्हणजे डॉक्टर बॉब, तिथला सर्जन. दोघं तासन्‌तास बोलले. आणि ऐका, एवढं बोलल्यावरही डॉक्टर बॉब एका परिषदेला गेला तो पिऊनच परत आला! मग 10 जून 1935 ला त्यानं शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस एए चा वाढदिवस.

"आता बोला," काका म्हणाले, "खुद्द बिलचं ऐकलं नाही पहिल्या दणक्यात. मी कोण? मी सांगितलं, झालं. त्यानं रस्ता बदलला काय, न बदलला काय, माझी ती संध्याकाळ कोरडी गेली."

मामांना हे कोण समजावणार! मामांकडं उधारीची वही आहे. दिलेला प्रत्येक सल्ला तारखेसकट लिहून ठेवलेला, आणि वसुलीला माणूस थेट ग्रुपवर.

एए च्या ओपन मिटिंगला घरच्यांना बसता येतं, तशी मी बसलेय. शाळेचा वर्ग, बाकं लहान पोरांची, गुडघे वर येतात. एक जण उभा राहतो, नाव सांगतो, मी अल्कोहोलिक म्हणतो, आणि आपलं सांगतो. कुणी मध्ये बोलत नाही, संपल्यावरही "तू असं करायला हवं होतंस" म्हणत नाही. पुढचा उठतो तो स्वतःचं सांगतो. दारूपासून दूर राहण्यासाठी एए च्या ज्या बारा पायऱ्या आहेत, त्यासुद्धा सक्तीच्या नाहीत, सुचवलेल्या आहेत. तिथं यायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. मी तासभर बसले आणि मनात म्हटलं, आमच्या घरच्या कुठल्याही लग्नात पाच मिनिटं तरी अशी गेलीत का.

बरं, आता कुणीतरी म्हणेल, मामा काळजीपोटीच बोलले ना? हो, काळजीपोटीच. भावाला दवाखान्यात ठेवलं तेव्हा अर्धं बिल मामांनी भरलं होतं, तेही खरं. कबूल.

पण मग ते चूर्ण. आता माझं डोकं परत तापायला लागलंय.

एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिराती वाचल्यात ना, "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा"? त्यातलाच प्रकार. मामांनी भावाला त्या वैद्याचा पत्ता दिला ती सभ्य बाजू. त्याआधी त्याच्या बायकोला पुडी दिली होती, चहात टाक म्हणून. त्या पुड्यांत काय असतं देव जाणे. डायसल्फिराम नावाची खरीखुरी गोळी आहे, ती घेऊन दारू प्यायलं की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी धाडकन खाली येतं. हृदयाचा त्रास असला तर जिवावर बेततं. म्हणून डॉक्टर ती माणसाला नीट सांगून, त्याच्या संमतीनंच देतात, खोकल्याचं औषधसुद्धा त्यात अल्कोहोल नाही ना ते बघून घ्या म्हणतात. आणि आपल्याकडं ही असली औषधं बायकोनं भाजीत कालवायची! भावाच्या बायकोनं पुडी मोरीत ओतली. शहाणी पोरगी. पण मामांच्या वहीत तीही बसली असणार: "पुडी दिली, वापरली नाही."

आणि माळ. आमच्या आजीचा हट्ट होता, माळ घाल. आमच्याकडं माळेची केवढी ताकद आहे हे मला सांगायला नको. पंढरीची वाट धरून दारू सुटलेली माणसं प्रत्येक गावात आहेत, आमचे आजोबाच त्यातले. जे माळेनं सुटले ते सुटले, त्यांच्यापुढं मी हात जोडते. पण भावाच्या गळ्यात ती दहा जणांनी धरून घातली. मग काय व्हायचं, प्यायची लहर आली की तो माळ काढून देवघराच्या बाहेरच्या खुंटीला अडकवायचा. नीट, तिढा पडू न देता. पिऊन आला, झोपला, सकाळी आंघोळ करून परत गळ्यात. आजीनं एकदा ती खुंटीवरची माळ पाहिली. त्या दिवसापासून तो घरी यायचाच बंद झाला, कारण आता दारूबरोबर माळेचंही पाप. एका पापात भागत होतं तिथं दोन झाली. शपथांचंही तेच. आईच्या डोक्यावर हात, पोराच्या डोक्यावर हात. शपथ मोडली की माणूस म्हणतो, आता मोडलीच आहे तर पिऊ आणखी.

न ऐकलेल्या सल्ल्याचं हेच होतं. सल्ला ऐकला नाही एवढ्यावर भागलं तर ठीक. पण सांगणारा दर वेळी हिशोब मागणार असेल तर माणूस त्याला टाळायला लागतो. आणि ज्या रात्री खरंच फोन करायची गरज असते त्या रात्री करत नाही. तुम्हीच सांगा, हात गाडीच्या किल्लीवर असताना माझा भाऊ कुणाला फोन लावेल? मामांना? "दारात येऊ नये" लिहिणाऱ्याला? त्यानं काकांना लावला होता. चार दिवस तोंड लपवल्यानंतरसुद्धा पुढच्या वेळी काकांनाच लावला, कारण तिकडून "रस्ता बदल म्हटलं होतं ना" येणार नाही याची त्याला खात्री होती.

हां, एक आहे. काही वेळा सल्लाबिल्ला बाजूला ठेवावा लागतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, नाहीत ती माणसं दिसायला लागली, झटके आले, तर विचारत बसायचं नाही, सरळ दवाखाना. घरात मारहाण असेल तर पोलीस. पिऊन गाडी काढत असेल तर किल्ली काढून घ्या. तेवढं मान्य. आणि बायकोचा हक्क वेगळा आहे हेही मान्य. भावाचं एटीएम कार्ड त्याच्या बायकोकडं असतं. पण तो सल्ला नाही, ती तिच्या घराची कडी आहे, ती तिनं लावलीच पाहिजे. लोइस विल्सन, तीच बिलची बायको, तिनं 1951 मध्ये घरच्यांसाठी अल-अनॉन सुरू केलं. तिथं बायकांना हेच शिकवतात: हे मी घडवलं नाही, मला आवरता येणार नाही, मला बरं करता येणार नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, तिथंही बायकांसाठी सहचरी गट चालतो. घरची माणसंही सावरावी लागतात हे ज्यांना कळलं त्यांनी कधीच कळवून ठेवलंय. आमच्या ग्रुपपर्यंत पोचायचंय.

तर रस्त्याचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. भाऊ आजही त्याच रस्त्यानं जातो. होय, त्याच. त्यानं काकांचं शेवटपर्यंत ऐकलं नाही. फक्त आता सुटल्यावर आधी गेटसमोरच्या गाड्यावर दोन वडापाव खातो, मगच गाडीला किक मारतो. म्हणतो, आक्का, पोट भरलेलं असलं की ते दार नुसतं दार दिसतं. एए वाले सांगतातच की उपाशी, रागात, एकटं किंवा दमलेलं राहू नका. त्यातलं उपाशी त्यानं उचललं, बाकीचं अजून तळ्यात-मळ्यात. काकांना हे कळलं तेव्हा ते केवढ्यानं हसले! आणि परवाच्या मिटिंगला नव्या आलेल्या एका पोराला म्हणे सांगत होते, "रस्ता बदल. नाहीतर वडापाव खा. आमच्या एकाला चालला."

लिहिता लिहिता मामांवरचा राग जरा उतरलाय, खरं सांगायचं तर. मामांचा थोरला भाऊ दारूनंच गेला. मी लहान होते. मामा तेव्हा पंचविशीतले असतील, गुत्त्यावरून त्याला खांद्यावर टाकून आणायचे, आणि दर रात्री सांगायचे, दादा, उद्यापासून नको. दादानं ऐकलं नाही. त्यानंतर मामांनी कुणालाही काहीही सांगितलं की ते झालंच पाहिजे असं त्यांना वाटत असणार. ते ऐकलं नाही की त्यांना माझा भाऊ दिसत नसणार, दादाच दिसत असणार. ते गटारीचे विनोद कशासाठी ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

तरीही ग्रुपवर लिहायला नको होतं. ते मी त्यांना संध्याकाळी फोन करून सांगणार आहे, एकदाच. भावाला काही म्हणायचं असेल तर त्याला फोन करा, आणि पहिलं वाक्य "जेवलास का" असू द्या. त्यांनी ते मनावर घ्यावं असं माझं काही म्हणणं नाही. बरं, आहे. पण फोनवर तसं दाखवणार नाही.

कमेंटमध्ये "ताई, आमच्याकडं एक खात्रीशीर औषध आहे" लिहायला ज्यांचे हात शिवशिवतायत त्यांनीही खुशाल लिहा. मी वाचीन, ठीक वाटलं तर भावाला पुढंही पाठवीन. पुढच्या आठवड्यात "घेतलं का त्यानं?" म्हणून इनबॉक्सात आलात तर मात्र ब्लॉक करीन, मग नातं कुठलंही असो.