मुलांच्या हाती ब्रश दिलात, पण भिंत कुणी निवडली?

‘निर्वासित’ हा शब्द मुंबईकरांना परदेशातल्या बातम्यांतला वाटतो. पण फाळणीनंतर आलेले निर्वासित जिथे राहिले त्या वस्तीला आपण अजून ‘चेंबूर कॅम्प’च म्हणतो. कल्याण कॅम्पचं उल्हासनगर १९४९ साली झालं, तरी तिथला पत्ता आजही कॅम्पच्या नंबराशिवाय पुरा होत नाही. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. माहुल, मानखुर्द, गोवंडीत उठवून आणलेली माणसं तर कायद्याने निर्वासित नव्हेतच, सरकारी भाषेत ती ‘प्रकल्पबाधित’. ही गल्लत करू नये. पण पंधरा वर्षांच्या पोराची शाळा, मित्र आणि गल्ली एका दिवसात सुटते तेव्हा त्याच्यासोबत भिंतीवरच्या चित्राचं काम कसं करायचं, याचे धडे दोन्हीकडे बरेचसे सारखे आहेत.

पहिली चूक विषयातच होते. ‘तुझं हरवलेलं घर काढ’ असं कधीही सांगू नका. एक तर मूल गप्प होतं, नाहीतर दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी आणि नदी काढून मोकळं होतं. (आपण सगळ्यांनी आयुष्यभर तेच काढलंय, त्याला हसू नका.) फ्रिडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीने नाझींच्या तेरेझिन छळछावणीत मुलांना लय, पोत, रचना यांचे धडे दिले आणि चित्रांवर त्यांची नावं घालून घेतली. तिथली सुमारे ४,५०० चित्रं आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. दुःख काढा, असा तिचा आग्रह नव्हता. आपणही साधं विचारावं: दारापासून नळापर्यंत काय काय लागतं? कोपऱ्यावरच्या दुकानाचा रंग कुठला? जे सांगायचं ते मूल स्वतःहून सांगेल, आणि नाही सांगितलं तरी चालेल.

दुसरी चूक म्हणजे मोठ्यांनी बाह्यरेषा काढायची आणि मुलांनी आत रंग भरायचा. याला सहभाग म्हणत नाहीत, ही फुकटची मजुरी झाली. १२ ते १८ वयाची दहा-बारा मुलं घ्या, प्रत्येक बैठक दोन तासांची. पहिल्या तीन बैठकांत रंगाचा डबा उघडूच नका. भिंत कुठली, चित्र काय, कुठला रंग नको, हे मुलांनी ठरवायचं. वेळ ठरवताना पाणी कधी येतं आणि शाळा सकाळची की दुपारची ते विचारा, नाहीतर मुली गळतात आणि आयोजक म्हणतात ‘मुलींना रस नाही’. धाकटी भावंडं कडेवर येणारच, त्यांच्यासाठी रद्दी आणि खडू वेगळे ठेवा.

आता भिंत. इथे घाई केली की सगळं वाया. सोसायटीची परवानगी लेखी घ्या. मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा १९९५चा कायदा राज्यात आहे. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा भिंतीला पांढरा लोणा (ओलीने बाहेर आलेला क्षार) असेल, तर आधी गळकी पाइप बघा. ओल तशीच ठेवून रंग दिला तर पावसाळ्यात पापुद्रे निघतात आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं. नवं प्लास्टर असेल तर २८ दिवस थांबा. काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकावं.

३० फूट बाय ८ फूट भिंतीला बाहेरचा प्रायमर साधारण तीन लिटर आणि पांढरा बाहेरचा इमल्शन दोन हातांसाठी पाच लिटर धरा. खडबडीत असेल तर जास्त. फिके रंग पांढऱ्यात स्टेनर (बाटलीतला दाट रंग) घालून बनतात, पण गडद लाल-पिवळे तयार डबेच घ्या. स्टेनर जास्त झाला की रंग नीट वाळत नाही आणि हाताला लागतो. डब्यावर शिशाचं प्रमाण वाचा, मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे. कागदावर एक इंचाचे चौकोन, भिंतीवर दोरी मारून एक फुटाचे. मग चित्र ज्याचं त्याला उतरवता येतं. मुलांचे पाय जमिनीवरच हवेत, वरचा भाग पेंटरने करावा.

ज्यांचा मुक्काम उद्या हलू शकतो त्यांच्यासाठी भिंतीचा हट्ट कशाला? गोधडी करा. शिवणीसाठी चारही बाजूंना अर्धा इंच धरून १३ इंचांचे २४ तुकडे कापा, जोडल्यावर चार बाय सहा फूट होते. घडी घालून सोबत नेता येते. शिवणारी आजी बहुतेक चाळींत सापडतेच, आणि तिच्यासमोर पोरं शिक्षकापुढे बोलणार नाहीत ते बोलतात.

फोटोंचं मात्र कडक ठेवा. परदेशातून जीव वाचवून आलेल्या मुलाचा चेहरा फेसबुकवर टाकू नका, मागे राहिलेले नातेवाईक त्यात अडकू शकतात. हातांचा फोटो पुरतो.

प्रत्येक रंगाचा पाव लिटर घट्ट झाकणाच्या बरणीत, मिश्रणाचं प्रमाण लिहून, सावलीतल्या कपाटात ठेवा. ऑक्टोबरमध्ये भिंत डागडुजीला येईल. त्या कपाटाची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे देऊ नका, मुलांपैकी दोघांकडे द्या.