आधी खिसे शिवा, मग जाहीरनामा

निवडणूक लढवायची म्हणताय? मग जाहीरनामा राहू द्या, आधी शिंप्याकडे जा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा पुढारी डेव्ही क्रॉकेट, त्याने १८३४ सालच्या आत्मचरित्रात खिशांचं गणितच मांडलंय. हरणाच्या कातड्याचा ऐसपैस सदरा आणि त्याला पायलीभर माल मावेल असे दोन खिसे. एकात बाटली, दुसऱ्यात तंबाखू. मतदार घोट घ्यायचा, तर तोंडातली तंबाखू थुंकणार. घोट पोटात गेला की लगेच नवा तोबरा हातावर ठेवायचा. भेटला तेव्हापेक्षा माणूस तोट्यात राहता कामा नये! इतकं काटेकोर अंदाजपत्रक अर्थमंत्र्यांनाही जमत नाही.

शिक्षणाची काळजी सोडा. क्रॉकेट पहिल्या खेपेला शाळेत चार दिवस टिकला. एका पोराला बदडलं, मास्तरांच्या धाकाने शाळा बुडवली आणि बापाच्या छडीच्या धाकाने घरच सोडलं.

भाषणाचीही सोडा. १८२१ला विधानसभेच्या प्रचारात त्याला शब्दच फुटेना. म्हणाला, रस्त्याकडेला एकजण रिकामं पिंप बडवत होता. कशाला, तर म्हणे, परवा यात सफरचंदाची दारू होती, उरलीय का बघतोय. माझंही तसंच, आत्ताआत्तापर्यंत भाषण होतं हो आत! लोक खदाखदा हसले. मग 'घसा सुकला' म्हणत गडी गर्दी घेऊन दारूच्या ठेल्याकडे. प्रतिस्पर्धी बोलायला उभा राहिला, तेव्हा समोर मोजकी टाळकी. निवडून कोण आलं हे सांगायला नकोच.

पुढे १८२७ला तो खासदार म्हणून निवडून आला आणि वॉशिंग्टनला पोचला. तिथलं एक पथ्य मात्र पाळा: मत देताना मनाचं ऐकू नका. १८३०ला राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपार हुसकायचा कायदा आणला, तेव्हा टेनेसीच्या खासदारांत विरोधी मत एकट्या क्रॉकेटचं. १८३१ला पडला. १८३३ला परत आला आणि १८३५ला पुन्हा पडला, तोही एका लाकडी पायाच्या वकिलाकडून. गरीब कसणाऱ्यांना जमीन देणारं त्याचं विधेयक तसंच लोंबकळत राहिलं.

पडल्यावर काय? 'तुम्ही सगळे जा मसणात, मी चाललो टेक्सासला' म्हणा आणि खरंच जा. तिथून लेकीला कळवा, की इथली घटना लिहिणाऱ्या सभेवर मी निवडून जाणार. १ मार्च १८३६ला ती सभा भरली तेव्हा उमेदवार मेक्सिकन फौजेने वेढलेल्या आलामोच्या गढीत अडकला होता. ६ मार्चला तिथेच मारला गेला.

पण निघण्याआधी मुलगा तयार करून ठेवा. १८३७ला त्याच जागेवर जॉन वेस्ली क्रॉकेट निवडून आला आणि १८४१ला त्याने जमिनीचं विधेयक मंजूर करून घेतलं.