सोलरला हात वर, कोळशाचं नाव काढलं की हात खाली

मागच्या आठवड्यात आठ-दहा जण बसलो होतो, सगळे ओळखीचेच, गप्पा फिरत फिरत विजेच्या बिलावर आल्या. सोलर चांगलं का, तर सगळ्यांचं एकमुखाने हो. ज्या काकांचं कुणाशी कशावरच पटत नाही तेसुद्धा हो म्हणाले, म्हणजे बघा. मग मी आपलं सहज विचारलं, बरं मग कोळशावरची वीज हळूहळू बंद करायची का? जी शांतता पसरली म्हणता! एकजण मोबाइल काढून बघत बसला, एकाने घसा खाकरला, आणि काका म्हणाले, "ते बघू गं नंतर, ते काय आपल्या हातात आहे का."

तेव्हापासून हेच डोक्यात चाललंय म्हणून लिहितेय. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

एक सांगते, सोलरला लोकांचा पाठिंबा नाही असं कुणी म्हणालं तर अजिबात विश्वास ठेवू नका. २०२४ मधे युएनडीपीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेने, ७७ देशांत ७३ हजारांहून जास्त लोकांना विचारलं होतं, त्यात ७२ टक्के लोक म्हणाले की आमच्या देशाने कोळसा-तेल सोडून स्वच्छ ऊर्जेकडे लवकर वळावं. बहात्तर टक्के! एवढं एकमत घरात आज टीव्हीवर काय लावायचं यावरही होत नाही. पण सर्व्हेमधे हो म्हणायला काही खर्च येत नाही ना. घोडं पेंड खातं ते पुढे, जेव्हा त्याच माणसाच्या जमिनीवरून ट्रान्समिशन लाइन जाणार असते किंवा त्याच्या गावाचं पोट ज्या खाणीवर चालतं ती बंद करायची वेळ येते.

आणि हा पाठिंबा कायमचा ठेवीत ठेवलाय असंही समजू नका. अमेरिकेत प्यू रिसर्च नावाची लोकमत तपासणारी संस्था अधूनमधून विचारते की मोठे सोलर प्रकल्प वाढवावेत का. २०२० मधे ९० टक्के हो म्हणाले होते, २०२४ मधे ७८. मधल्या चार वर्षांत सूर्य काही बदलला नाही, पॅनल उलट स्वस्त झाले. बदललं एवढंच की सोलर हा "त्यांच्या पार्टीचा" विषय झाला. एकदा का एखादी वस्तू या पक्षाची नि त्या पक्षाची झाली की माणूस स्वतःचं बिल बघायचं सोडून झेंडा बघायला लागतो. मला याचीच जास्त भीती वाटते, कोळशाच्या लॉबीपेक्षाही.

आता माझा खरा मुद्दा. सोलरला हो म्हणणं आणि कोळशाला नको म्हणणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपण सगळे पहिलं करून दुसरं केल्याचं समाधान मानतोय. आकडेच बघा. जगात बसवलेल्या सोलरची क्षमता २०२२ मधे एक टेरावॉटच्या (म्हणजे दहा लाख मेगावॉटच्या) पुढे गेली, आणि त्यानंतर दोनच वर्षांत दुसरा टेरावॉट पण झाला. पहिल्याला जवळजवळ सात दशकं लागली होती! पण त्याच २०२४ मधे जगाने कोळसाही कधी नव्हे इतका वापरला. म्हणजे आपण जुनं काढून नवं बसवत नाही आहोत, जुन्याच्या डोक्यावर नवं चढवतोय. डाएट सुरू केलं म्हणून एक वाटी सॅलड वाढवलं आणि बाकीचं ताट तसंच ठेवलं, त्यातला प्रकार. २०२४ मधे जगाच्या एकूण विजेत सोलरचा वाटा सात टक्क्यांच्या आसपास होता आणि कोळशाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त. कौतुक करावं तेवढं कमीच, पण हुरळून जाण्यासारखंही काही नाही.

मग नको म्हणायला लोक का कचरतात? आळस, भीती, नोकऱ्या, सगळं आहेच. पण एक कारण मला फार इंटरेस्टिंग वाटलं. २०२४ मधेच एक अभ्यास आला, १२५ देशांतल्या जवळपास १ लाख ३० हजार लोकांना विचारलं की हवामान बदल रोखायला तुमच्या उत्पन्नातला एक टक्का दर महिन्याला द्याल का. ६९ टक्के देऊ म्हणाले. मग त्यांनाच विचारलं की तुमच्या देशातले किती लोक देतील असं तुम्हाला वाटतं? सरासरी अंदाज निघाला ४३ टक्के. म्हणजे खोलीत दहातले सात जण तयार आहेत आणि प्रत्येकजण मनात म्हणतोय की अरे इथे तर चारच असतील, आपण कशाला तोंड उघडा. आमच्या त्या बैठकीत हेच झालं, मला आता खात्री आहे. घसा खाकरणाऱ्याने नंतर चपला घालताना मला हळूच सांगितलं, "मला पण तसंच वाटतं, पण काकांसमोर कुठे बोलायचं."

काय बोलणार आता याच्यावर!

म्हणूनच छतावरच्या पॅनलची मला गंमत वाटते, ते दिसतात हो. मनातलं मत दिसत नाही पण शेजाऱ्याच्या छतावर चकाकणारी निळी-काळी काच दिसते. कॅलिफोर्नियामधे यावर २०१२ मधे अभ्यास झालाय, एखाद्या भागात पॅनल बसायला लागले की त्याच भागात आणखी बसण्याची शक्यता वाढते. साथच म्हणा ना, चांगली साथ. ऑस्ट्रेलियात तर साधारण दर तीन घरांमागे एका घरावर पॅनल आहेत, तिथे आता कुणी मान वर करून बघतही नसेल.

माझ्याही छतावर आहेत, त्यामुळे थोडं जवळून सांगू शकते, आणि यातलं वाईटही सांगते कारण सोलरवाल्यांनी फक्त गोड गोड बोलून बरंच नुकसान केलंय असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्याकडे बसवणाऱ्याने शेवटचं पॅनल अशा जागी लावलं की दुपारनंतर टाकीची सावली त्याच्या एका कोपऱ्यावर येते. कोपराच तर आहे, मला वाटलं काय फरक पडतो. पण पॅनल एकामागोमाग एक माळेसारखे जोडलेले असतात, एकाचा करंट अडला की सगळी माळ अडखळते. ॲपमधे दिवसाचा ग्राफ कसा छान टेकडीसारखा वर जाऊन खाली येतो ना, तो आमच्याकडे दुपारनंतर एकदम कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. दुसरं म्हणजे मी समजत होते जेवढं कडक ऊन तेवढी जास्त वीज. साफ चूक. पॅनलला प्रकाश लागतो, उष्णता नाही. त्याची क्षमता मोजतात २५ डिग्रीला, आणि त्यावर प्रत्येक डिग्रीमागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते, उन्हात काच ६० डिग्रीला पोचली की हिशोब करा. आमचा सगळ्यात जास्त युनिटचा दिवस कुठला होता माहितीये? आदल्या रात्री पाऊस पडून धूळ धुतली गेलेली, सकाळी गार वारा आणि आभाळ एकदम स्वच्छ, तो. आता मी पहाटेच, पॅनल गार असताना, ओलं फडकं मारते. फडकं जे काळंकुट्ट होऊन येतं ते बघून कळतं आपण श्वासातून काय आत घेतो.

त्या काळ्यावरूनच आठवलं. लोकांना सोलर "धोक्याचं" वाटतं, छतावरून पडलं तर, आग लागली तर वगैरे. ठीक आहे, काळजी घ्या. पण एक टेरावॉट-तास, म्हणजे शंभर कोटी युनिट, वीज तयार करताना अपघात आणि प्रदूषण मिळून किती माणसं जातात याचा हिशोब लावलेला आहे, कोळशाचा आकडा येतो साधारण २५ आणि सोलरचा ०.०२. हे पंचवीस जण कुठल्या स्फोटात जात नाहीत म्हणून बातमी होत नाही, दम्याने, हार्टने, आपापल्या घरी जातात. आणि एवढं करून जाळलेल्या कोळशातल्या उष्णतेचा साधारण दोन तृतीयांश भाग वीज न होता हवेत नि पाण्यात वाया जातो, जुन्या प्लांटमधे तर जास्तच.

इतिहासातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५४ मधे अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेने उन्हाची वीज करणारा पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला, तेव्हा जेमतेम सहा टक्के प्रकाशाची वीज व्हायची आणि किंमत अशी की फक्त उपग्रहालाच परवडावी. मग १९७० च्या दशकात जमिनीवर वापरायचे स्वस्त सेल बनवायला पैसा कुणी लावला? एक्सॉनने, म्हणजे चक्क एका तेल कंपनीने! आणि सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत कोण, तर समुद्रातल्या तेलविहिरींवरचे इशाऱ्याचे दिवे. तेल काढणाऱ्यांना केव्हाच कळलं होतं की भर समुद्रात बॅटऱ्या बदलत बसण्यापेक्षा ऊन स्वस्त पडतं. १९७९ मधे अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवायचे ३२ पॅनल बसवले, १९८६ मधे त्यांच्यानंतरचे अध्यक्ष रेगन यांच्या काळात ते उतरवले गेले. त्यातलं एक फिरत फिरत चीनमधल्या एका सोलर म्युझियममधे पोचलं, यापेक्षा कडू विनोद मला तरी माहीत नाही. कारण आज पॅनल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. तेलावरचं अवलंबित्व जाऊन एकाच देशाच्या कारखान्यांवरचं आलं ही तक्रार खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. फक्त एक फरक, टँकर थांबला तर महिनाभरात गाड्या थांबतात, पॅनल यायचे थांबले तर छतावर आधीच असलेले पंचवीस वर्षं चालू राहतात.

आणि किंमत खाली आली ती आपोआप नाही, लोकांच्या पाठिंब्यानेच आली. जर्मनीने २००० साली कायदा केला की कुणीही सोलरची वीज ग्रिडला, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्याला, दिली तर २० वर्षं ठरलेला दर मिळेल. तो दर महाग होता, जर्मन लोकांनी तो स्वतःच्या बिलातून भरला, कुरकुरत का होईना. त्या मागणीवर कारखाने उभे राहिले, २०१० ते २०२३ मधे जगात मोठ्या सोलर प्रकल्पांच्या विजेचा खर्च जवळपास ९० टक्क्यांनी उतरला. मग २०२४ मधे पाकिस्तानात काय झालं बघा, एका वर्षात सुमारे १७ गिगावॉटचे (म्हणजे १७ हजार मेगावॉटचे) पॅनल आयात झाले, आणि ते काय पर्यावरणप्रेमाने? ग्रिडची वीज महाग आणि भरवशाची नाही म्हणून लोकांनी स्वतःच उपाय शोधला. अर्थात ज्यांना पॅनल परवडले नाहीत त्यांच्या डोक्यावर ग्रिडचा खर्च जास्त यायला लागला, तो प्रश्न अजून लोंबकळतोच आहे.

"रात्री काय करणार?" हे वाक्य आत्तापर्यंत तुमच्या मनात आलं असेलच. रास्त आहे. संध्याकाळी ऊन जातं आणि नेमके तेव्हाच सगळे दिवे लावतात. बॅटऱ्या २०१० पासून जवळपास ९० टक्क्यांनी स्वस्त झाल्यात, वारा आहे, जलविद्युत आहे, तरी पूर्ण उत्तर एका रात्रीत मिळणार नाही. पण ब्रिटनने २०१५ मधे जाहीर केलं की कोळसा बंद करणार, तारीख दिली, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ इथला कोळशाचा शेवटचा प्लांट थांबवला. जिथे १८८२ मधे कोळशाची सार्वजनिक वीज सुरू झाली तोच देश, २०१२ मधे सुद्धा जवळपास ४० टक्के वीज कोळशाची होती. ते काम मुख्यतः वारा आणि गॅसने केलं, सोलरने कमी, हे लपवायचं कारण नाही. पण तारीख ठरवली होती. तारीख ठरली की कामगारांना दुसरं काम शिकायला वर्षं मिळतात, तारीख नसली की एक दिवस गेटला टाळं दिसतं. कोळशात राबलेल्या माणसाला व्हिलन करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, आपले दिवे त्याच्याच घामावर लागलेत.

असो. काका रविवारी पॅनल बघायला येणार आहेत, फोनवर विचारत होते की ॲप त्यांच्या मोबाइलवर पण दिसेल का. टाकीच्या सावलीसकट सगळं दाखवणार आहे. तो खाकरणाराही येतोय, आणि या वेळी तोच प्रश्न परत विचारेन, दोघांसमोर.