पांडवलेण्यांच्या पायथ्याशी थांबणाऱ्यांसाठी

2027 च्या सिंहस्थाची तयारी सुरू असताना नाशिकच्या वारशाचे ‘डिजिटल दर्शन’ घडवण्याची भाषा होणे साहजिक आहे. मात्र हा शब्द उच्चारला की बहुतेकांना आठवतात ते व्हीआर चष्मे, ड्रोनचे चित्रण आणि भारदस्त पार्श्वसंगीत. माझा आग्रह त्याहून साध्या गोष्टीचा आहे: वारशाची माहिती आधी सर्वांना वाचता आणि ऐकता यावी.

पांडवलेण्यांसाठी त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्यामुळे गुडघेदुखीने बेजार झालेले ज्येष्ठ आणि व्हीलचेअर वापरणारे पायथ्याशीच थांबतात. वर गेलेल्यांच्या पदरी तरी काय पडते? तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षातील या प्राकृत लेखात, ज्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्याली असा आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव तिने केला आहे. आणि ब्राह्मी न येणारे आपण सारे त्याच्यापुढे सेल्फी काढून खाली उतरतो.

ब्राह्मी लिपी 2010 पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-फोनवर अक्षरे दाखवण्याच्या सामाईक प्रणालीत, आहे. लेखाच्या ओळीवर बोट ठेवताच तिचे देवनागरी लिप्यंतर, मराठी अर्थ आणि वाचनाचा आवाज मिळेल असे पान तयार करणे आज मुळीच अवघड नाही. फोटोग्रामेट्रीने, म्हणजे अनेक छायाचित्रे जुळवून, केलेल्या त्रिमितीय प्रतिकृतीवर प्रकाश तिरपा पाडला, तर झिजलेली अक्षरेही उठून दिसू शकतात. तीच प्रतिकृती त्रिमितीय छपाईने घडवून घेतली, तर अंध वाचकाला ती अक्षरे बोटांनी चाचपता येतील.

प्रत्यक्षात काय आहे? वारशाची माहिती देणारे एक संकेतस्थळ मी मुद्दाम फोनवरील टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय, लावून ऐकले. बराचसा मजकूर चित्ररूपात असल्याने तिथे टॉकबॅक मुका झाला, आणि उरलेला युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असल्यामुळे इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ ऐकू आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 सुगम स्वरूपातील इलेक्ट्रॉनिक मजकुराची अपेक्षा करतो, हे संकेतस्थळांची कंत्राटे देणाऱ्यांना कोणी सांगत नसावे.

छायाचित्राखाली ‘लेणे क्र. 3’ एवढे लिहून भागत नाही. ओसरीचा भार खांद्यांवर पेलणारे सहा धिप्पाड पुरुष तिथे आहेत, हे न पाहणाऱ्यालाही कळले पाहिजे. क्यूआर कोडचे फलक जरूर लावावेत, पण पायथ्याशी आणि व्हीलचेअरवरून फोन सहज धरता येईल अशा उंचीवर; आणि मजकूर इतका हलका असावा की साध्या फोनवरही तो पायथ्याशीच डाउनलोड करून घेता येईल.