हॅनॉन आधी की बुर्गम्युलर?
पियानो शिकण्यावरचा लेख आवडला, पण त्यात म्हटलंय की आधी सहा महिने फक्त हॅनॉन (बोटांच्या व्यायामांचं पुस्तक) करून बोटं तयार करा आणि भावना वगैरे नंतर बघा, हे काही पटलं नाही. हॅनॉनचे ६० व्यायाम वाईट नाहीयेत, पण त्यात संगीताचं वाक्य (फ्रेज) कुठे संपतं, श्वास कुठे घ्यायचा हे ऐकायची सवयच लागत नाही, आणि नवीन माणूस ते मनगट आवळून नुसता बडवत बसतो.

त्यापेक्षा संगीतकार बुर्गम्युलरचे ओपस १०० (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) मधले २५ स्टडीज, म्हणजे सरावासाठीच्या छोट्या रचना, घ्या. त्यातला दुसरा, अरबेस्क, बघा ना, आधी डाव्या हाताचे हलके कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वर), मग उजव्या हातात सोळाव्या स्वरांचे (सिक्स्टीन्थ नोट्स, म्हणजे भरभर येणारे स्वर) छोटे छोटे गुच्छ, आणि मधल्या भागात तेच काम डाव्या हाताकडे जातं, तिथे लगेच कळतं डावा किती कच्चा आहे ते! गुच्छाच्या शेवटच्या स्वरावर मनगट जरा वर उचललं की हात पण मोकळा होतो आणि फ्रेज पण नीट संपते, म्हणजे टेक्निक आणि संगीत एकाच हालचालीत.

पुढे चेर्नीचा ओपस २९९ (वेगाच्या सरावाचा संग्रह) आहेच, पण तोसुद्धा आधी संथ आणि पियानोमध्ये (म्हणजे मृदू आवाजात) वाजवा, स्पीड नंतर. शोपँच्या ओपस १० मधला तिसरा एट्यूड (सरावाची रचना) तर संथ आहे तरी भयंकर अवघड, कारण उजव्या हाताच्या वरच्या बोटांनी गाणं गायचं आणि त्याच हाताच्या खालच्या बोटांनी साथ दबकी ठेवायची. हे नुसत्या बोटांच्या ताकदीने कसं जमणार, सांगा?