भिशीतले तीनशे रुपये

ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या कठड्यावर, गडकरी रंगायतनाच्या अंगाला, दर रविवारी संध्याकाळी आमचा कट्टा भरतो आणि तेथे राजकारण बोलायचे नाही असा अलिखित नियम आहे. तो एरवी कोणी पाळत नाही. मागच्या रविवारी मात्र तो आपोआप पाळला गेला, कारण जून तोंडावर आला होता आणि मुलीची फी, वह्या-पुस्तके, छत्री आणि घरभाडे एकाच पगारात कसे बसवायचे, हा प्रश्न बंड्याने चहा येण्यापूर्वीच मांडला होता. बंड्या मस्जिद बंदरला एका दुकानात कामाला आहे आणि पगार हातात आल्यापासून दहा दिवसांत तो कुठे जातो हे त्याला तोंडपाठ आहे.

पहिले उत्तर आप्पांनी दिले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तीस वर्षे काढलेला हा माणूस खर्चाच्या बाबतीत निष्ठुर आहे. "दिवसाला तीन कटिंग, दहा रुपयांप्रमाणे तीस रुपये, महिन्याचे नऊशे. आधी हा ग्लास खाली ठेव," असे त्यांनी सुनावले. हिशेब चुकीचा नव्हता आणि नऊशे रुपये ही बंड्यासाठी लहान रक्कमही नव्हे. तरीही उभ्याने नऊ तास गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या माणसाच्या दिवसातला एकमेव विसावा काढून घेऊन बचतीची सुरुवात करावी, हे मला पटले नाही. ग्लास कोणीच खाली ठेवला नाही, आप्पांनीही नाही.

गणिताचे क्लास घेणारे मास्तर म्हणाले की खर्च न घटवताही पैसे वाचतात, आणि त्यांनी बंड्याच्या खिशातला रेल्वेचा पास मागून घेतला. पास एक महिन्याचा होता. रेल्वे तीन महिन्यांच्या पासाला तीन नव्हे, तर २.७ महिन्यांचे पैसे घेते, सहा महिन्यांच्या पासाला ५.४ आणि वर्षाच्या पासाला १०.८, म्हणजे जो वर्षाचा पास एकदम काढतो त्याला बारापैकी एका महिन्याहून थोडा जास्त प्रवास फुकट पडतो. तेवढ्या पैशासाठी चहा सोडावा लागत नाही, गाडीही तीच आणि गर्दीही तीच. यावर बंड्या जे बोलला त्यावरच पुढची सगळी चर्चा फिरली. "मास्तर, वर्षाचा पास काढण्याएवढे पैसे ज्या दिवशी माझ्याकडे एकदम असतील, त्या दिवशी तो स्वस्तात काढायची मला गरजच उरणार नाही."

मास्तर क्षणभर गप्प झाले, पण हार मानणे त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून ते पंख्यांकडे वळले. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, तर नव्या बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरीच्या, पंख्याला ३० ते ३५ वॅट पुरतात. ४० वॅटची बचत धरली आणि ठाण्याच्या दमट हवेत पंखा दिवसाला १५ तास चालतो असे मानले, तर एका पंख्यामागे महिन्याला १८ युनिट वाचतात, दोन पंख्यांमागे ३६. आप्पांनी लगेच सांगितले की युनिट मोजत बसू नका, शंभराचा आकडा ओलांडू नका, कारण एकशे एकावे युनिट पडले की सगळे बिल महाग दराने येते. हा गैरसमज मी अनेक घरांत ऐकला आहे. महावितरणच्या घरगुती बिलात वरचा दर फक्त शंभराच्या पुढच्या युनिटांना लागतो, पहिली शंभर युनिटे स्वस्तच राहतात. मात्र तो वरचा दर खालच्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि खरी गंमत येथेच आहे, कारण वाचवलेले युनिट नेहमी वरच्या टोकाचे असते. महिन्याला १४० युनिट वापरणारे घर दोन पंख्यांमुळे १०४ वर येते, म्हणजे महागड्या चाळीसांपैकी छत्तीस युनिटे गळून पडतात. युनिटला दहा रुपये धरले तरी हे महिन्याचे ३६० रुपये झाले. दोन पंख्यांना सहा हजार लागले तर, थंडीचे महिने वजा करूनही, ते दीड-दोन वर्षांत वसूल होतात.

"आणि ते सहा हजार?" बंड्याने विचारले.

हा प्रश्न नंतर प्रत्येक उपायाला आडवा आला. आप्पांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा तेवढा अपवाद निघाला. त्या ते जनऔषधी केंद्रातून घेतात आणि तेथे स्वस्त पडण्यासाठी आगाऊ काही भरावे लागत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी बचत ही आधी थोडे जास्त पैसे मोजणाऱ्यालाच मिळते. ओढगस्तीच्या माणसाला काटकसर शिकवणारे आम्ही सगळे त्याला काटकसरीचे भांडवल कोठून आणायचे हे सांगायला विसरतो, असे मला वाटून गेले आणि मी तसे बोललोही.

साठवणीच्या धान्याचा विषय मात्र मीच काढला, आणि तो काढायला मी फारसा लायक नव्हतो. आमच्या आईच्या काळी एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरला जाई, उन्हात वाळवून, एरंडेलाचा हात लावून, कडुनिंबाच्या पाल्यासकट कोठीत ठेवला जाई. त्या आठवणीच्या भरात मी तीन वर्षांपूर्वी दोन पोती गहू घेतला, एरंडेल चोळण्याचा कंटाळा केला आणि पोती बाथरूमला लागून असलेल्या भिंतीशी रचली. गणपतीपर्यंत त्यात इतके किडे झाले की पक्ष्यांना घालण्यापलीकडे त्याचा उपयोग उरला नाही. जांभळी नाक्याच्या बाजारात किलोमागे जे दोन-चार रुपये वाचले होते, ते मी कबुतरांवर उधळले.

नौपाड्यात पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या ताई हे ऐकून हसल्या, आणि त्यांचे हसणे रास्त होते, कारण कट्ट्यावर धान्याची खरी जाण त्यांनाच आहे. त्यांच्या मते ठाण्याच्या पावसात आणि दोन खोल्यांच्या घरात वर्षाची साठवण हा हट्ट आहे; तीन महिन्यांचे घ्यावे, डाळीला एरंडेल लावावे आणि बाकीचे दुकानदाराच्या गोदामात राहू द्यावे. कांदा त्या चार शेजारणींबरोबर वाशीच्या बाजार समितीतून आणवतात: पन्नास किलोची गोणी, पाच घरांत दहा-दहा किलो, टेंपोचे भाडे वाटून. पण पावसाळ्यात त्याच गोणीतला कांदा सडतो, म्हणून जून ते सप्टेंबर त्या किरकोळच घेतात. स्वस्त पडते ते नेहमी मोठेच असते, हाही भ्रम असल्याचे त्यांनी दाखवून दिले. शाम्पूची छोटी पुडी बऱ्याचदा मोठ्या बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त असते. आता बहुतेक वेष्टनांवर एककाचा दर छापावा लागतो, तो वाचायला चष्मा लावण्याचे कष्ट तेवढे घ्यावेत. मास्तरांनी हा मुद्दा वहीत टिपून घेतला.

मग ताईंनी बंड्याच्या प्रश्नाला थेट हात घातला. दहा जणांनी महिन्याला हजार-हजार रुपयांची भिशी लावावी, दर महिन्याला चिठ्ठी काढावी, ज्याचे नाव येईल त्याने दहा हजार न्यावेत. मास्तर जवळजवळ उसळले. भिशीत व्याज नाही, पावती नाही, एखादा सुटला तर सगळा भार ओळखीवर. त्यापेक्षा पोस्टात आवर्ती ठेव उघडावी, ती महिना शंभर रुपयांपासून उघडता येते आणि सरकारी असते. ताईंनी शांतपणे विचारले की ती केव्हा मिळते. मुदत पाच वर्षांची, वर्षभर हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज, आणि तीन वर्षांआधी खाते मोडता येत नाही, हे मास्तरांनाच सांगावे लागले. "मुलीची फी पुढच्या महिन्यात भरायची आहे, मास्तर."

व्याज बुडते किती, हे शेवटी मास्तरांनीच पाठकोऱ्या कागदावर मांडले. ज्याचा क्रमांक दहावा, म्हणजे ज्याचे नुकसान सर्वांत जास्त, त्याने तेच पैसे साडेसहा टक्क्यांनी गुंतवले असते तर दहा महिन्यांत त्याला सुमारे ३०० रुपये मिळाले असते. मधल्यांचे नुकसान त्याहून कमी, आणि पहिल्याला तर नऊ हजार रुपये बिनव्याजी वापरायला मिळाले. आता बंड्याने हेच दहा हजार क्रेडिट कार्डावर उचलले आणि थकवले, तर महिन्याला तीन टक्के दराने पहिल्याच महिन्याचे व्याज ३०० रुपये होते. दहा महिन्यांत भिशीतला शेवटचा माणूस जे गमावतो, ते कार्डवाला तीस दिवसांत गमावतो. हा आकडा पाहिल्यावर मास्तरांनी कागदाची घडी घातली. त्यांचा आक्षेप आता व्याजावरून माणसांवर सरकला होता, आणि तो आक्षेप आम्हालाही खोडता आला नाही. म्हणून ठरले की बाहेरचा कोणी घ्यायचा नाही आणि कोणी हप्ता चुकवला तर त्या महिन्याचे पैसे ताई आपल्या पदरचे भरणार नाहीत, ते उरलेल्या नऊ जणांनी सारखे वाटून भरायचे. आप्पांना ही अट कडक वाटली, ताईंना ती जेमतेम पुरेशी वाटली.

नऊ नावे होईपर्यंत तलावाभोवतीचे दिवे लागले. पहिला क्रमांक चिठ्ठीविना बंड्याला द्यावा यावर वाद झाला नाही. बंड्याने मात्र त्यातून फी भरून जे उरेल त्याचा तीन महिन्यांचा पास काढण्याचे कबूल केले. वर्षाचा पास त्याने पुढच्या भिशीवर ढकलला. दहावे नाव मिळत नव्हते. मास्तरांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि आपले नाव स्वतःच्या हाताने सर्वांत खाली, दहाव्या क्रमांकापुढे लिहिले. ताईंनी त्यांना ३०० रुपयांची आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले, "ते माझ्या क्लासच्या फीमध्ये धरा. आणि चहाचे पैसे आज आप्पा देतील."