मुलाखत घ्या, पण मनावर घेऊ नका

सर्वप्रथम अभिनंदन! नॅशनल फुटबॉल लीगमधला, म्हणजे एनएफएलमधला, एक संघ तुमच्या मालकीचा झाला. असे संघ आहेतच अवघे 32 आणि ते विकायलाही क्वचितच निघतात, तेव्हा एवढा पैसा आणला कुठून हे विचारण्याचा आगाऊपणा मी करत नाही. (हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा. नियम कळले नाहीत तरी चालेल. मालकाला ते यावेत अशी अट कुठेच नाही.)

आता पहिलं काम म्हणजे जुन्या हेड कोचला नारळ देणं. दुसरं काम म्हणजे नवा आणणं, आणि तो कोण हे तुमचं ठरलेलंच असणार. तुमच्या जनरल मॅनेजरचा जुना सहकारी असेल, एखाद्या नामवंत कोचचा मुलगा असेल, नाहीतर टीव्हीवर बोलताना तुम्हाला आवडलेला कुणीतरी. काही हरकत नाही. मध्ये फक्त एक कटकट आहे. तिचं नाव रूनी नियम.

ही कटकट सुरू झाली 2002 साली. त्या जानेवारीत टँपा बेने हेड कोच टोनी डंजीला काढलं. सहापैकी चार हंगामांत त्याने संघाला प्लेऑफपर्यंत, म्हणजे बाद फेरीपर्यंत, नेलं होतं. मिनेसोटाने डेनिस ग्रीनला काढलं. दहा हंगामांत आठ वेळा प्लेऑफ, आणि विजयांपेक्षा पराभव जास्त असा हा त्याचा पहिलाच हंगाम. दोघेही कृष्णवर्णीय. मग जॉनी कॉकरन (हो, ओ. जे. सिम्पसनला सोडवणारे तेच वकील) आणि सायरस मेहरी यांनी एक अहवाल काढला. कृष्णवर्णीय कोच सरासरीने जास्त सामने जिंकतात, पण त्यांना नेमतात शेवटी आणि काढतात आधी, असा त्याचा मथितार्थ. कोर्टात खेचण्याची भाषाही झाली. मग लीगने समिती नेमली. पिट्सबर्ग स्टीलर्सचे मालक डॅन रूनी तिचे अध्यक्ष. त्यांनी तोडगा काढला: हेड कोच नेमण्याआधी किमान एका अल्पसंख्याक, म्हणजे गोऱ्यांखेरीजच्या, उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच.

नियम नीट वाचा. मुलाखत घ्यायची. बस्स. नेमायचं असं कुठेही लिहिलेलं नाही. मामेबहिणीशी लग्न ठरलेल्या मुलाने आणखी दोन घरी जाऊन कांदेपोहे खाऊन यावेत आणि ‘कळवतो’ म्हणून निघावं, एवढंच तुम्हाला करायचं आहे. 2020 मध्ये एकाचे दोन उमेदवार झाले, आणि तेही संघाबाहेरचे. म्हणजे पोह्यांची एक बशी वाढली.

आता हे करायचं कसं? आधी चुकांपासून शिका. 2003 साली डेट्रॉइट लायन्सला स्टीव्ह मारियुची हवा होता, आणि तो येणार हे गावभर झालं होतं. साहजिकच ज्या कृष्णवर्णीय उमेदवारांना बोलावणं गेलं, त्यांनी ‘आमचा वेळ कशाला घालवता’ म्हणून नकार दिला. मुलाखत झाली नाही, नियम मोडला, आणि जनरल मॅनेजर मॅट मिलन यांना 2 लाख डॉलर दंड झाला. दंड मारियुचीला घेतल्याबद्दल नव्हता, हे ध्यानात ठेवा. ताकास तूर लागू दिली, याबद्दल होता.

त्यातही निवडलेल्या माणसाचं तोंड बंद ठेवणं सर्वांत महत्त्वाचं. टेनेसी टायटन्सने 2016 मध्ये माइक मुलार्की यांना हेड कोच केलं. चार वर्षांनी हे गृहस्थ एका पॉडकास्टवर बोलून गेले की, रूनी नियमाच्या मुलाखती होण्याआधीच नोकरी तुमची असं आपल्याला सांगण्यात आलं होतं; आपण गप्प बसलो याची खंत वाटते. संघाने अर्थातच इन्कार केला. पण ज्या रे हॉर्टनने तेव्हा तिथे मन लावून मुलाखत दिली होती, त्याने हे ऐकलं आणि पुढे कोर्टात धाव घेतली. तेव्हा करारपत्रात एक कलम घाला: खंत वाटल्यास घरी वाटून घ्यावी.

मित्रांचे फोनही सांभाळा. न्यू यॉर्क जायंट्सचं प्रकरण मी प्रत्येक नव्या मालकाला सांगतो. (संघाच्या नावात न्यू यॉर्क असलं तरी मैदान न्यू जर्सीत आहे, एडिसनच्या मराठी मंडळींना ते घरचं.) जानेवारी 2022. ब्रायन फ्लोरेस हा कृष्णवर्णीय कोच, मायामीला सलग दोन हंगाम विजयांचं पारडं जड ठेवूनही नुकताच काढला गेलेला. जायंट्सने त्याला 27 तारखेला मुलाखतीला बोलावलं होतं. 24 तारखेला त्याच्या फोनवर बिल बेलिचिक यांचा संदेश आला. बेलिचिक म्हणजे न्यू इंग्लंडचे तेव्हाचे हेड कोच, सहा वेळा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकलेले, आणि एके काळचे फ्लोरेसचे साहेब. तुझं काम झालं म्हणे, अभिनंदन! फ्लोरेस चक्रावला. म्हणाला, माझी मुलाखत गुरुवारी आहे, पण संधी आहे असं वाटतंय. त्यावर साहेबांनी कळवलं की, बफेलो आणि न्यू यॉर्क दोन्हीकडून ऐकलंय, त्यांना तूच हवा आहेस. आता फ्लोरेसला शंका आली. त्याने विचारलं: कोच, तुम्ही ब्रायन फ्लोरेसशी बोलताय की ब्रायन डाबॉलशी?

डाबॉलशी. डाबॉल बफेलोच्या संघात कोच होता, गोरा होता, आणि जायंट्सचे नवे जनरल मॅनेजर जो शेन हेही बफेलोहूनच आले होते. बेलिचिकनी माफी मागितली, फ्लोरेसने ‘थँक्स बिल’ लिहिलं. आणि मग ठरल्या दिवशी मुलाखत दिली. त्याआधी शेन यांच्यासोबत रात्रीचं जेवणही घेतलं, हेही त्याच्या दाव्यात आहे. निकाल ठाऊक असताना समोरच्याशी हसतखेळत जेवायचं, हे कौशल्य त्याच्याकडे होतं. दुर्दैवाने हेड कोचच्या पात्रतेत ते मोजत नाहीत. 28 तारखेला डाबॉलची नेमणूक झाली. आमची प्रक्रिया स्वच्छ होती आणि फ्लोरेस शेवटपर्यंत शर्यतीत होता, असं जायंट्सचं म्हणणं.

1 फेब्रुवारी 2022 ला फ्लोरेसने मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात लीगवर आणि तीन संघांवर दावा ठोकला. त्यातला डेन्व्हरचा भाग मुद्दाम वाचा. 2019 च्या मुलाखतीला संघाचे बडे लोक तासभर उशिरा आणि आदल्या रात्रीचा उतारा न झालेल्या चेहऱ्यांनी आले, असा आरोप आहे. डेन्व्हरने तो साफ फेटाळला. खरं काय ते कोर्ट बघेल. तुम्ही तोवर घड्याळ लावून ठेवा आणि तोंड धुऊन जा. खर्च काहीच नाही.

लीगचं उत्तर कसं असावं, याचा वस्तुपाठही त्याच आठवड्यात मिळाला. मंगळवारी दावा दाखल झाला, त्याच दिवशी लीग म्हणाली, यात काही तथ्य नाही. शनिवारी कमिशनर रॉजर गुडेल यांनी संघांना पत्र लिहिलं की, हेड कोचच्या बाबतीतलं चित्र अस्वीकारार्ह आहे. दोन्ही विधानं एकाच आठवड्यात एकाच घरातून आली आणि कुणाची मान अवघडली नाही. त्या दिवशी 32 संघांत कृष्णवर्णीय हेड कोच होता एक. मैदानावरच्या खेळाडूंपैकी सुमारे 70 टक्के कृष्णवर्णीय.

‘मग इतके खेळाडू, तर कोच का नाहीत?’ असं एखादा पत्रकार विचारेलच. उत्तर तयार ठेवा: पाइपलाइन, म्हणजे खालून तयार होऊन येणारे उमेदवारच कमी. हे कुणाच्या हातात नसतं. पाइपलाइन कशी बांधली गेली ते मात्र सांगू नका. 1921 साली ॲक्रनला फ्रिट्झ पोलार्ड नावाचा कृष्णवर्णीय कोच होता. त्यानंतरचा कृष्णवर्णीय हेड कोच म्हणजे आर्ट शेल, 1989 साली. मध्ये 1934 ते 1945 तर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूच नव्हता. नंतर खेळाडू आले, पण क्वार्टरबॅक ही डोकं चालवायची जागा बरीच वर्षं त्यांना फारशी मिळेना. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेला टोनी डंजी लीगमध्ये आला आणि त्याला बचावात उभं केलं गेलं. आता तुम्ही हेड कोच शोधताना विचारता, ‘आक्रमणाच्या चाली रचलेला, क्वार्टरबॅक घडवलेला कुणी आहे का?’ आणि यादीत फारसं कुणी नसतं. किती वाईट वाटतं!

आणि यादीत कुणी सापडलाच, तर निकष बदला. एरिक बिएनेमी कॅन्सस सिटीत पाच हंगाम आक्रमणाचा प्रमुख होता. दोन सुपर बोल. त्याच पदावरून त्याच्या आधीचे डग पीडरसन आणि मॅट नॅगी थेट हेड कोच झाले होते. बिएनेमी मात्र एकामागून एक मुलाखती देत राहिला. सामन्यात चाली अखेर हेड कोच अँडी रीडच सांगतात, तेव्हा याचं श्रेय किती, असा प्रश्न त्याच्याबाबतीत निघाला. पीडरसनच्या वेळी हा प्रश्न कुणाच्या फारसा मनात आला नव्हता. अनुभवाचंही तसंच. तो हवा तेव्हा मोजायचा. इंडियानापोलिसने 2022 च्या नोव्हेंबरात हंगामाच्या मध्यावर जेफ सॅटर्डेला हंगामी हेड कोच केलं, तेव्हा त्याचा कोच म्हणून अनुभव शाळेच्या संघाचा होता. मालकाला तो भावला होता. एक सामना जिंकला, सात हरले. (हंगामाच्या मध्यावरच्या हंगामी नेमणुकीला रूनी नियम लागू नाही. लिहून घ्या.)

कृष्णवर्णीय कोच नेमूच नका, असं मात्र मी म्हणत नाही. कधीकधी नेमणं सोयीचं असतं, विशेषतः संघ जिंकण्याची काही चिन्हं नसतील तेव्हा. ॲरिझोनाने स्टीव्ह विल्क्सला 2018 चा एक हंगाम दिला. 3 विजय, 13 पराभव, रजा. जागी आला क्लिफ किंग्सबरी, ज्याला टेक्सास टेक विद्यापीठाने नुकतंच घरी पाठवलं होतं आणि तिथेही त्याचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. ह्यूस्टनने 65 वर्षांच्या डेव्हिड कली यांना आयुष्यातलं पहिलं हेड कोचपद दिलं, तेही संघाचा मुख्य क्वार्टरबॅक अख्खा हंगाम बाहेर बसला त्या वर्षी. हंगाम संपला, कली गेले. मग लव्ही स्मिथ. हंगाम संपला, स्मिथही गेले. खरं तर त्याच ह्यूस्टनने पुढे डेमिको रायन्सला सहा वर्षांचा करार दिला आणि पहिल्याच वर्षी संघाने गटात अव्वल स्थान मिळवलं. पण अशी उदाहरणं मालकांच्या बैठकीत काढू नका. सगळ्यांनाच वेळ दिला तर काय होईल, असा भलताच विचार लोकांच्या डोक्यात येतो.

संयमाचा हिशेब डेट्रॉइटला छान जमला. कृष्णवर्णीय जिम कॉल्डवेलने चार हंगामांत 36 सामने जिंकले, 28 हरले. ज्या संघाने 2008 मध्ये सोळाच्या सोळा सामने गमावले होते, त्या संघाचा हा हिशेब. नऊ विजय आणि सात पराभवांच्या हंगामानंतर त्याला काढलं, कारण आणखी वरची पातळी हवी होती. मग गोरा मॅट पॅट्रिशिया आला. 13 विजय, 29 पराभव, एक बरोबरी. त्याला तिसऱ्या हंगामाच्या नोव्हेंबरापर्यंत ठेवलं. पातळी कुठली ते आधी स्पष्ट केलं नव्हतं, एवढंच.

बक्षिसाचीही सोय झाली आहे. 2020 पासून तुमच्याकडचा अल्पसंख्याक सहायक कोच दुसऱ्या संघाने हेड कोच म्हणून नेला, तर तुम्हाला दोन वर्षं ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) तिसऱ्या फेरीत एकेक जादा खेळाडू निवडता येतो. म्हणजे तो माणूस तुमच्याकडे हेड कोच झाला तर काही नाही. गेला तर नफा. एवढा सरळ व्यवहार मी तरी दुसरा पाहिला नाही.

तक्रार आलीच, तर पंच आपला ठेवा. करारात लवादाचं कलम असतं, आणि त्यात लवाद म्हणजे कमिशनर गुडेल, ज्यांना पगार 32 मालकांच्या तिजोरीतून मिळतो. ही व्यवस्था वर्षानुवर्षं सुरळीत होती. ऑगस्ट 2025 मध्ये अपील न्यायालयाने ती फ्लोरेसच्या बाबतीत मोडीत काढली: प्रतिवादीच्याच प्रमुखाने निवाडा करायचा, याला लवाद म्हणत नाहीत. न्यायाधीशांना खेळ कळत नाही, दुसरं काय!

शेवटी एक धोका सांगायलाच हवा, कारण तो खुद्द रूनींच्या घरात घडला. 2007 मध्ये स्टीलर्सला हेड कोच हवा होता आणि केन व्हिझनहंट आणि रस ग्रिम हे घरचेच दोन गोरे सहायक सगळ्यांच्या तोंडी होते. मुलाखतीला आला माइक टॉमलिन. कृष्णवर्णीय, वय 34, बचावाचा प्रमुख म्हणून अनुभव एका हंगामाचा. आणि रूनी मंडळींनी त्याचं म्हणणं बसून ऐकलं. मनापासून! परिणाम असा की, नोकरी त्यालाच मिळाली, दुसऱ्याच हंगामात सुपर बोल आला, आणि त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली तरी पराभव विजयांपेक्षा जास्त झाले म्हणून काढावं, अशी संधी त्याने मालकांना दिली नाही. तुम्हाला ही आफत नको असेल, तर मुलाखतीच्या खोलीत फोन चालू ठेवा. उमेदवार तुमच्या बचावफळीतल्या उणिवा एकेक करून फळ्यावर काढू लागला, आणि तुम्हाला त्या पटू लागल्या, की लगेच उचला.